दोष आढळला नाही

७ सप्टेंबर, सोमवार

दुरुस्ती केंद्रातला माणूस म्हणाला, "बाई, आवाज कधी बिघडतो, किती वेळ बिघडतो, ते रोज लिहून आणा. नुसतं 'नीट ऐकू येत नाही' म्हटल्यावर वॉरंटीत काही बदलून मिळत नाही." म्हणून ही वही. हे त्याला दोनदा सांगावं लागलं. काचेपलीकडे बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटतात ही माणसं, आणि वर आपल्यावरच डाफरतात.

तर नोंद. कॉम्प्युटरची वॉरंटी ७ ऑक्टोबरला संपते, म्हणजे बरोबर तीस दिवस हातात. तक्रार अशी : समोरच्याचा आवाज येतो, पण शब्द फुटत नाहीत. तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखं. शिवाय इंटरनेट मधेच तुटतं. टेबलाखाली वायरींचं जे जाळं झालंय त्यातली कुठली वायर कुठे जाते हे मला ठाऊक नाही, आणि ज्यानं ती लावली त्याला तरी ठाऊक होतं की नाही, शंकाच आहे.

चाळीस वर्षं सभागृहात लघुलेखिका होते. सदस्य एकमेकांच्या अंगावर धावून जात, बाकं बडवत, आणि त्या गदारोळातून कोण काय म्हणालं ते माझी पेन्सिल टिपायची. माझ्या प्रतीत कुणी काना-मात्रेचीही चूक काढली नाही. तेव्हा चांगला आवाज कुठला आणि वाईट कुठला, हे मला काचेआडच्या माणसानं शिकवू नये.

९ सप्टेंबर, बुधवार

दाराची बेलही मेली वाटतं. शेजारीण म्हणे तीनदा वाजवून गेली. वन्सं नेमक्या आंघोळीला गेल्या होत्या.

वन्सं म्हणजे माझी नणंद. हे गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, आम्ही दोघी एकत्र राहतो. जन्मभर शाळेत कवायत शिकवली त्यांनी, त्यामुळे बोलतात ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. पूर्वी मला त्याचा त्रास व्हायचा. हल्ली बरं वाटतं. घरात एक तरी माणूस स्पष्ट बोलतं.

टीव्हीवरून मात्र आज वाजलंच. मी आवाज वाढवला की त्या कमी करतात. "अगं वहिनी, खालच्या मजल्यावरचे लोक आता आपलीच मालिका बघतात, स्वतःचा टीव्ही लावतच नाहीत," म्हणाल्या. मी हसले नाही.

१३ सप्टेंबर, रविवार

आनंदाची बातमी. लेकीनं घर बघितलं!

दर रविवारी अकराला तिचा फोन येतो, कॉम्प्युटरवर, समोरासमोर. आज नऊलाच आला. वन्सं भाजी आणायला गेल्या होत्या. आवाज नेहमीसारखाच भिकार, चित्रही अडखळत होतं. ती मान खाली घालून, तोंडाशी हात धरून बराच वेळ बोलत होती. सवयीनं मी "हं, हं" करत राहिले, किती वेळा "काय म्हणालीस?" विचारणार? ती चिडते. मग एकदा तिनं मान वर केली आणि एवढं एक वाक्य मला लख्ख ऐकू आलं : "आई, मी घर शोधलंय."

पाच वर्षं लग्नाला झाली. तेव्हापासून दीर-जावांच्या घरातल्या दोन खोल्यांत राहताहेत. लग्न तिनं स्वतःच्या मनानं केलं, माझ्या मनाविरुद्ध. ते सोडा. जावयाचा विषय मी काढत नाही, तीही काढत नाही, आणि तसंच आमचं बरं चाललंय. पण वेगळं घर बघा, हे मी पहिल्या महिन्यापासून कानीकपाळी ओरडत होते.

म्हटलं, "फार छान केलंस! उशिरा का होईना, अक्कल आली म्हणायची. मी पहिल्या दिवसापासून सांगत नव्हते?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. की चित्र अडकलं होतं, कुणास ठाऊक. मग दोन-तीन शब्द बोलली आणि गेली. मागे नवी जागाच दिसत असावी : बारकीशी खोली, भिंतीला टेकवलेली बॅग, खिडकीच्या काचेवर वर्तमानपत्र चिकटवलेलं. म्हणजे सामान हलवायला सुरुवातही झाली.

केंद्रासाठी नोंद : पडद्यावरचे रंगही बिघडलेत. लेकीचे डोळे लालभडक दिसत होते.

१५ सप्टेंबर, मंगळवार

तिला मेसेज टाकला : "नव्या जागेला पडदे शिवून पाठवते. मापं आणि पत्ता कळव." उत्तर संध्याकाळी आलं. आधी पत्ता, मग "एकच खिडकी आहे. चार बाय तीन."

घर घेऊन घेऊन घेतलं आणि त्याला एकच खिडकी! पण मी काही बोलले नाही. आधीच उशिरा सुचलंय, त्यात खोट कशाला काढा. फिकट निळं कापड आणलं, पांढऱ्या ठिपक्यांचं. वन्संना म्हटलं, लेकीनं घर बघितलंय. त्यांनी विचारलं, "दोघांनी मिळून?" म्हटलं, मग काय एकटीनं?

१८ सप्टेंबर, शुक्रवार

पडदे पाठवले. शिलाई सरळ आली. डोळे अजून शाबूत आहेत.

२० सप्टेंबर, रविवार

साडेदहापासून कॉम्प्युटरसमोर बसले. फोन नाही. साडेबाराला मीच केला. वाजत राहिला. मग मेसेज आला : "कामात आहे."

रविवारी कसलं काम? असेल. नवं घर लावायचं म्हणजे काही कमी काम नसतं.

मागच्या रविवारचं बोलणं आठवून आठवून बघते आहे. मी तर तिचं कौतुकच केलं. की 'अक्कल आली' हे लागलं तिला? इतकं तर मी तिला रोज बोलायची, ती शाळेत असल्यापासून.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

मंगळवारी कॉम्प्युटर केंद्रात टाकला होता, आज परत मिळाला. सोबत चिठ्ठी : "तपासणी केली. दोष आढळला नाही." ही दुसरी वेळ, वही सुरू करण्याआधीही हेच लिहून दिलं होतं.

मी म्हटलं, "तुमच्या तपासणाऱ्याचेच कान तपासा." रांगेतल्या दोघी हसल्या. काचेआडचा माणूस काहीतरी बोलला. मला कळलं नाही, पण वन्संनी माझा दंड धरला आणि मला बाहेर आणलं.

घरी येताना म्हणाल्या, "आमच्या शाळेच्या ग्रंथपाल बाईंकडे एक जण येते. घरी येऊन कॉम्प्युटरच्या जोडण्या बघते, जुना पसारा आवरून देते, वॉरंटीचे कागद भरून देते. तिला बोलवू या."

म्हटलं, बोलवा. बाहेरच्या माणसाचा दाखला असला की केंद्रवाल्यांची तोंडं बंद होतील. वन्संनी इतक्या चटकन 'उद्याच सांगते' म्हटलं, की जणू वाटच बघत होत्या. चांगल्या आहेत तशा. गेल्या वर्षी एकदा माझ्या कानांबद्दल काहीतरी बोलून गेल्या होत्या, तेव्हा मी चार दिवस अबोला धरला होता. त्यानंतर पुन्हा तो विषय काढला नाही.

आज शुक्रवार. लेकीचा आवाज ऐकून बारा दिवस झाले.

२८ सप्टेंबर, सोमवार

कालचा रविवारही कोरडाच गेला.

आज ती बाई आली. पंचेचाळिशीची असेल. खांद्यावर पिशवी, कमरेला पक्कड, कपाळावर बॅटरी. टेबलाखाली शिरली ती अर्ध्या तासानं बाहेर आली, केसांत जळमटं. वन्संनी तिचं बारसं तिथल्या तिथे उरकलं : गुंताबाई. तीही हसली. म्हणाली, "आजवर ठेवलेल्या नावांतलं हे बरं आहे."

इंटरनेट का तुटायचं ते सापडलं. वायर कपाटाच्या पायाखाली चेंगरली होती. तिनं नवी टाकली, भिंतीच्या कडेनं नेली, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधली. अक्षर छान आहे तिचं.

मग कपाट. सतरा चार्जर निघाले, त्यातल्या चौदांची यंत्रं घरात नाहीत. दोन मेलेले कीबोर्ड, टंकयंत्राच्या रिबिनी, ऑफिसातला माझा जुना हेडफोन. गुंताबाईनं तीन खोकी मांडली : ठेवायचं, द्यायचं, मोडीत. हेडफोन हातात घेऊन तिनं माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता 'ठेवायचं'मध्ये टाकला. मला ती बाई तेव्हाच आवडली. शिवाय माझ्याशी बोलताना हातातलं काम थांबवते, समोर येते, मग बोलते. हल्ली असं वळण कुणाला नसतं.

जाताना मी म्हटलं, "जोडणी झाली, पण आवाजाचं काय?"

"परवा येते, काकू. आवाजाचं सावकाश बघू."

३० सप्टेंबर, बुधवार

जे झालं ते क्रमानं लिहिते.

गुंताबाई दहाला आली. कल्पना माझीच होती. म्हटलं, "तुम्ही स्वयंपाकघरातून तुमच्या फोनवरून माझ्या कॉम्प्युटरला फोन लावा. चेहरा दाखवू नका. वीस शब्द वाचा. मी ऐकू येईल ते लिहिते. तुमची यादी आणि माझी यादी शेजारी शेजारी ठेवू. याहून पक्का पुरावा कुठला?" चाळीस वर्षं ज्यावर पोट भरलं ती कला आता वॉरंटीच्या कामी येणार, याची मला मजाच वाटत होती.

तिनं वाचलं, मी लिहिलं. दोन्ही याद्या तिनंच ताडून आकडा सांगितला : विसांपैकी नऊ बरोबर. मागाहून बघितलं तर 'वीस'चं मी 'वीट' लिहिलं होतं, 'माशी'चं 'माती', 'साप'चा 'चाप'. मी म्हटलं, "बघा! आता म्हणू देत दोष नाही म्हणून!"

तिनं दोन्ही याद्यांची हातातच घडी केली. मग म्हणाली, "काकू, आता कॉम्प्युटर बंद करू या. मी इथेच तुमच्या पाठीमागे उभी राहून तेच शब्द उलटसुलट क्रमानं वाचते. फरक दिसायला हवा ना?"

बरोबरच होतं तिचं. मी नवा कागद घेतला. खोलीत ती, मी आणि पंखा. तिनं वाचलं, मी लिहिलं.

विसांपैकी आठ.

मी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा तपासले. 'वीस'ची वीट, 'साप'चा चाप. तेच शब्द, त्याच चुका. मग ती समोर येऊन बसली आणि नवे वीस शब्द वाचले. एकोणीस बरोबर. मी कानांनी ऐकत नव्हते, तिच्या ओठांवरून वाचत होते.

ती एवढंच म्हणाली, "चहा टाकू का, काकू?" समोर बसून म्हणाली, म्हणून कळलं.

लघुलेखनाच्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवतात : ऐकू न आलेल्या शब्दाची जागा मोकळी सोडा, मनानं भरू नका. मी स्वतः किती मुलींना हे शिकवलं. आणि किती दिवस झाले असतील, मी दिवसभर जागा भरत बसले आहे.

संध्याकाळी वन्संना विचारलं, "दाराची बेल वाजते का हो?"

"वाजते," त्या म्हणाल्या. "चांगली खणखणीत वाजते."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुझ्यापुढे कुणाची टाप होती, वहिनी?" असं म्हणून माझ्याआधी त्याच रडल्या. मैदानावरच्या आवाजात रडल्या. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

१ ऑक्टोबर, गुरुवार

पहाटे उठून ही वही पहिल्या पानापासून वाचली. दुसऱ्याची प्रत तपासावी तशी, लाल पेन्सिल घेऊन.

१३ सप्टेंबरच्या पानाशी थांबले. 'मी घर शोधलंय'. 'आम्ही' नाही, 'मी'. तोंडाशी हात. भिंतीला टेकवलेली बॅग. वर्तमानपत्र लावलेली एकच खिडकी. लाल डोळे. वन्संनी विचारलेलं : दोघांनी मिळून?

लेकीच्या वाक्यातल्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारली आणि शेजारी त्याच्यासारखे वाजणारे शब्द लिहून बघितले. फार लिहावे लागले नाहीत. शोधलंय. सोडलंय.

आई, मी घर सोडलंय.

आणि मी हसून म्हणाले, फार छान केलंस. उशिरा का होईना, अक्कल आली.

वन्सं उठून आल्या. त्यांना पान दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "फोन लाव. आत्ता."

म्हटलं, "नाही. फोनवर आता मी काही ऐकणार नाही, काही बोलणार नाही. उद्या सकाळच्या गाडीनं जाते."

"मी येऊ?"

"नको. वाटेत तुम्ही मला एकेक घोषणा ओरडून सांगाल, अख्ख्या गाडीला कळेल."

२ ऑक्टोबर, शुक्रवार

चार तासांचा प्रवास. पडद्यांच्या पार्सलवर लिहिलेला पत्ता होताच. तिसरा मजला, लांबलचक सज्जा, ओळीनं दारं. एका उघड्या खिडकीत निळं कापड, पांढरे ठिपके.

तिनं दार उघडलं. वाळली आहे. "आई? न कळवता?"

"कळवून ऐकलं कुणी असतं? उजेडाकडे तोंड करून बस. आणि त्या रविवारी काय म्हणाली होतीस, ते परत सांग."

"आता कशाला? झालं ना तुझ्या मनासारखं?" एवढं तिच्या ओठांवरून कळलं.

मग ते वाक्य मी म्हटलं. गाडीत मनातल्या मनात शंभरदा म्हणून झालं होतं. "मला ऐकू येत नाही गं."

"म्हणजे?"

"म्हणजे तू म्हणालीस घर सोडलंय. मी ऐकलं शोधलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पडद्याकडे बघितलं. "म्हणून हे?"

"म्हणून हे."

ती आधी हसली. पोट धरून, पलंगावर वाकून हसली. मग ते हसणं कधी बदललं कळलं नाही, मी जवळ जाऊन तिला धरलं. लहानपणी मी कामावरून येईपर्यंत ही दाराशी बसून असायची. तेव्हाही अशी धरली नव्हती. हातात नेहमी फायली असायच्या.

सगळं तिनं उजेडात बसून, सावकाश सांगितलं. का सोडलं, कधीपासून मनात होतं, ते सगळं. ते इथे लिहिणार नाही. आयुष्यभर लोकांचं बोलणं कागदावर उतरवलं. हे तिचं आहे, ते तिच्याकडेच राहू दे.

शेवटी तिनं विचारलं, "तेव्हा नीट ऐकू आलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

मला खोटं बोलता आलं असतं. 'लगेच ये म्हटलं असतं' हे वाक्य तोंडाशी आलंही होतं. म्हटलं, "खरं सांगू? बहुतेक तेच. 'सांगत नव्हते का मी?' म्हणाले असते. आणि तू फोन ठेवल्यावर रडले असते."

"मग ऐकू आलं नाही तेच बरं," ती म्हणाली. "आता तरी तुला स्वतःला यावं लागलं."

३ ऑक्टोबर, शनिवार

वन्संना मेसेज टाकला : "सोमवारी येते. कान तपासायची वेळ घेऊन ठेवा." उत्तर दोन मिनिटांत आलं : "घेतलीय. परवाच घेतली. रागावू नकोस."

केंद्राला पत्रही लिहून ठेवलं : माझी तक्रार मी मागे घेत आहे. आपल्या तपासणाऱ्या माणसाला माझा निरोप द्यावा, त्याचे कान उत्तम आहेत.

खिडकीवरचं वर्तमानपत्र ओल्या फडक्यानं काढलं. लेक म्हणाली, "राहू दे गं, पडदे आहेत ना." म्हटलं, पडदे ओढायला मागे काच तरी दिसायला हवी.

४ ऑक्टोबर, रविवार

अकरा वाजले तेव्हा आम्ही दोघी चहा पीत होतो. आज कुणी कुणाला फोन करायचा नव्हता.

दुपारी मी पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. लेक आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली, खिडकीकडे तोंड करून. केस वाढलेत तिचे. मी हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं मांडीला तिच्या आवाजाची थरथर लागली. ती बोलत होती. तोंड पलीकडे, आवाज बारीक. एकही शब्द माझ्यापर्यंत येत नव्हता. जुनी सवय ओठांवर आली, 'हं' म्हणायची. मी ती गिळली.

तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं आणि म्हटलं, "बाळा, हे मला काहीच ऐकू येत नाहीये."

तिनं मान वळवली. चेहरा उजेडात आणला, आणि मला नीट दिसेल असं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "माहीत आहे. म्हणूनच सांगतेय."

मग पुन्हा खिडकीकडे तोंड करून ती बोलू लागली. मी हात फिरवत राहिले, ऊन पलंगावरून खाली उतरेपर्यंत.